पाठवणाऱ्याचे नाव

कार्तिकाचे ऊन खाडीवर उतरले होते. पिवळेधमक, निवांत, कसलीही घाई नसलेले ऊन. खारफुटीच्या श्यामल काठावरून चढत चढत ते टपाल कचेरीपाशी आले, खिडकीच्या गजांतून आत शिरले आणि मंदाकिनीबाईंच्या वजनकाट्यावर जाऊन बसले. काट्याने शून्य दाखवले.

मंदाकिनी चिंदरकर त्या काउंटरवर बसत. समोर शाईची गादी, शिक्का, डिंक, तिकिटांचे गुलाबी-निळे ताव. आणि डोक्यात नियम. द्रव पदार्थ नाही. नाशवंत पदार्थ नाही. ज्वालाग्राही तर नाहीच नाही. गावाने त्यांचे नाव नाहीबाई ठेवले होते. ते त्यांच्या कानावर आले होते आणि त्यांना त्याचे काही वाटत नव्हते. थोडेसे वाटत होते.

रांग सरकत होती. शिक्का उठत होता, शिक्का पडत होता. कुणाचे पासबुक, कुणाचे रजिस्टर, कुणाची नुसतीच चौकशी. मंदगतीने, मीठगंधी वाऱ्यासवे, दुपार पुढे चालली होती.

मग खिडकीशी द्रौपदी घाडी आली. वाडीतली म्हातारी, कपाळ कोरे, लुगडे धुवट. तिने मांजरपाटात शिवलेले पांढरेशुभ्र पार्सल काट्यावर ठेवले. टाके बारीक, टाके सरळ, टाके एकमेकांना खेटून बसलेले. इतके नीट शिवलेले पार्सल बाईंनी बऱ्याच दिवसांत पाहिले नव्हते.

"आत काय?" त्यांनी विचारले. विचारावेच लागते.

"चेडवाची ओटी. सातवो महिनो लागलो. खण, तांदूळ, हळकुंडा, खोबऱ्याची वाटी."

"नारळ नाही ना? त्यात पाणी असतं."

"ठावक आसा. म्हणान तर वाटी घातलंय."

बाई खूश झाल्या. लेकीचा पत्ता लिहिलेलाच होता, नागपूरचा, स्वच्छ आणि पूर्ण. राहिला होता फक्त खालचा डावा कोपरा.

"पाठवणाऱ्याचं नाव?"

म्हातारीने मागे रांगेकडे पाहिले. मग गजांशी तोंड नेऊन ती हळूच म्हणाली, "माझ्या जावेचा घाल. सुमित्रा घाडी."

"पाठवताय कोण?"

"मीच."

आणि मग तिने सांगितले. मागच्या खेपेला लेकीची, शेवंतीची, ओटी तिने स्वतःच्या हाताने भरली होती. ते मूल राहिले नाही. विधवेचा हात लागला, असे सासरी बोलले गेले. जाऊ सवाष्ण होती. तिचे नाव पाहून पार्सल देवापुढे ठेवतील. हिचे पाहून कोपऱ्यात टाकतील.

"पोस्टाक कपाळ दिसणा नाय," ती म्हणाली. "नाव मात्र दिसता."

नियम स्पष्ट होता. पण तपासणार होते कोण? मंदाकिनीबाईंनी पेन उचलले. लिहून टाकावे सुमित्रा, कुणाचे काय जाते? त्यांना दया आली, आणि लगेच त्या दयेचाच राग आला. ते नाव लिहिले असते तर त्यांच्याच अक्षरांत, सरकारी शाईत, या बाईचा हात अशुभ ठरला असता.

"जावेनं ह्यात काय दिलंय?"

"कायच नाय."

"शिवलं कोणी?"

"मिया."

"मग काकी, तिचं नाव मला घालता येणार नाही. जो पाठवतो त्याचंच नाव. आणि हे रजिस्टर पार्सल आहे, पोस्टमन सही शेवंतीची घेणार. तुमचं नाव सगळ्यांच्या आधी तीच वाचेल."

म्हातारीचा चेहरा उतरला. सासरच्यांचे भय हे वरवरचे होते. खरे भय खोल होते, आणि ते आता वर आले.

"तिनाच नको म्हटल्यान तर?"

बाईंना पुष्कळ नियम पाठ होते. याला नियम नव्हता. "तर परत येईल," त्या म्हणाल्या. खोटे बोलणे त्यांना जमले नाही.

रांग चुळबुळली. कुणीतरी घसा खाकरला. बाहेर भरती लागली होती. संथ सुवर्णजल धक्क्याची एकेक पायरी वर येत होते. म्हातारीने पार्सलावर हात ठेवला. आता ती ते उचलून घरी नेणार, असे बाईंना वाटले.

"द्रौपदी सखाराम घाडी," म्हातारी म्हणाली. मग पुन्हा म्हणाली, मोठ्याने, रांगेच्या शेवटच्या माणसाला ऐकू जाईल असे. "द्रौपदी सखाराम घाडी. फुडे आवस म्हणान लिही."

नाते लिहिण्याची पद्धत नव्हती. नाहीबाईंनी नाही म्हटले नाही. त्यांनी नाव लिहिले, ठसठशीत, आणि नावापुढे लिहिले: आई.

शाई कापडावर फुटू पाहत होती. बाईंनी वाकून तिच्यावर हळूच फुंकर घातली. गजांपलीकडून म्हातारीही वाकली आणि तिनेही घातली. एक फुंकर इकडून, एक फुंकर तिकडून. मधे पांढरे कापड, कापडावर ओले नाव. रांग थांबली होती, शिक्का थांबला होता, आणि ते नाव सावकाश, सावकाश वाळत होते.