माझ्या अंगावरचे खोटे ठिपके

मी एक जुनी दिनदर्शिका आहे. जुनी म्हणजे फक्त गेल्या वर्षाची, पण आमच्यात तेवढं वय म्हणजे आयुष्य संपलंच. घरातले मला कॅलेंडर म्हणतात. मित्रांनो, मी शांत स्वभावाची नाही. पंखा लागला की फडफडते आणि चुकीची तारीख मला मुळीच खपत नाही.

अंबरनाथच्या एका छापखान्यात माझा जन्म झाला. कोऱ्या कागदावर चौकटी उमटल्या, त्यांत सण-तिथी बसल्या, डोक्याला पत्र्याची पट्टी लागली आणि मी बदलापूर गावात दौलतरावांच्या स्वयंपाकघरात खिळ्यावर चढले. गॅस कधी लावला, एकादशी कधी आहे, सगळं मला विचारूनच चालायचं. मी जरा फुशारलेच होते.

एक नोंद मात्र फक्त दौलतरावांच्या पत्नी बनूबाई आणि त्यांची मुलगी अक्षदा यांनाच कळायची. पाळी आली की अक्षदा तारखेच्या कोपऱ्यात निळ्या पेनाने बारीक ठिपका द्यायची. पुरुषांना तो शाईचा डाग वाटे.

अक्षदा एकोणीस वर्षांची. पोलीस भरतीसाठी रोज पहाटे मैदानावर पळायची. हलकं अंग जोरात पळतं, असं कुणीतरी तिच्या डोक्यात भरवलं. तिने आधी भात सोडला, मग भाकरी. मार्चमध्ये ठिपक्याची तारीख उलटली. मी वाट पाहत राहिले. आठवड्याने अक्षदा माझ्यापाशी आली, दाराकडे पाहिलं आणि घाईघाईने ठिपका दिला. तो खोटा होता. पुढे दर अठ्ठावीस दिवसांनी एकेक खोटा ठिपका पडत गेला. मला ते अंगावर खाजकुयलीसारखे टोचायचे, पण बोलणार कशी? बनूबाई मात्र माझ्याकडे बघून निर्धास्त होत्या.

श्रावणात बनूबाईंनी बोटांवर दिवस मोजले. पुढची पाळी नेमकी गौरी आणायच्या दिवशी येत होती, आणि गौरी तर लेकीनेच आणायच्या. त्यांनी मेडिकलमधून पाळी लांबवायच्या गोळ्या आणल्या आणि पाण्याचा पेला पुढे केला.

अक्षदाने गोळी हातात घेतली. मी जागच्या जागी हलत होते. मग तिने ती खाली ठेवली.

"आई, याची गरजच नाय. मार्चपासून पाळी आलीच नाय."

"मग ते ठिपके?"

"मीच दिले. तू माझं ग्राउंड बंद केलं असतंस."

बनूबाईंनी पेला खाली ठेवला. "माझी इतकी भीती वाटली गो तुला?" एवढंच त्या म्हणाल्या. शेजारच्या उमाताईंनी नैसर्गिक म्हणून कसल्याशा चूर्णाची डबी आणून दिली, ती बनूबाईंनी पिशवीत टाकली, मलाही गुंडाळून घेतलं आणि आम्ही उल्हासनगर कॅम्प दोनमध्ये डॉक्टर भाविकांकडे गेलो.

डॉक्टरांनी पेन्सिलीने माझे खोटे ठिपके एकेक करून खोडले. तेव्हा कुठे मला मोकळा श्वास घेता आला. तपासण्या झाल्या. थायरॉईडने किंवा अंडाशयांच्या त्रासानेही पाळी बिघडते, पण अक्षदाचं कारण वेगळं निघालं. खाणं कमी आणि मेहनत दुप्पट झाली की मेंदू अंडाशयांना इशारा देणंच थांबवतो, हार्मोन घटतात आणि पाळी बंद होते. चूर्णाची डबी त्यांनी उघडूनही पाहिली नाही. पोटभर जेवण, पुरती झोप, पळणं निम्म्यावर, मधे विश्रांतीचे दिवस, आणि ठरल्या दिवशी पुन्हा तपासणी.

"सबर रख बेटा," त्या म्हणाल्या. "बंद पडायला महिने लागले, सुरू व्हायलाही लागतील."

त्या वर्षी गौरी अक्षदानेच आणल्या. पण सबर मला कुठे जमतो? सप्टेंबर कोरा गेला, ऑक्टोबर कोरा गेला. सुरुवातीला तेवढंच अंतर पळायला अक्षदाला जास्त वेळ लागू लागला तेव्हा ती ताटावर बसून रडली. बनूबाईंनी तिचे डोळे पुसले नाहीत, भाकरीवर तूप वाढलं. डिसेंबरात वेळ पुन्हा जुन्या आकड्यावर आला, पण माझं शेवटचं पानही कोरंच राहिलं. हरल्यासारखं वाटलं मला. मग नवं कॅलेंडर आलं आणि त्याच खिळ्यावर माझ्या पुढ्यात टांगलं गेलं. आता मला कुणी बघत नाही.

जानेवारीतल्या एका सकाळी पेन टेकलं. जोर इतका होता की सगळी पानं ओलांडून तो माझ्यापर्यंत पोचला.

"खरा हाय?" बनूबाईंनी विचारलं.

"खरा," अक्षदा म्हणाली.

मित्रांनो, घरी कॅलेंडर असेल तर त्यावर चौकट कोरी सोडायला लाजू नका. कोरी चौकट दिसली असती, तर बनूबाईंनी मार्चमध्येच विचारलं असतं.