उतरायच्या जागेचा बर्फ

"नायरीआत्या, तुझी ही म्हातारी सरळ उभी राहीपर्यंत उन्हाळा लागेल गं!" लॅकी कुरकुरला.

"मग तोवर बस. गुडघे तरी शाबूत राहतील."

मित्रांनो, ती म्हातारी म्हणजे मी. मी एक जुनी हिमकाठी आहे. माझे सहा पोकळ तुकडे आतून एका दोरीनं ओवलेले आहेत. दोरी ओढली की मी दीड पुरुष उंच होते. न्यूझीलंडच्या या डोंगरावर नायरीनं मला बावीस हिवाळे वागवलं.

स्नोबोर्डवरून उडी घ्यायला कड्यावर येणाऱ्याला कड दिसते, खालची जागा दिसत नाही. म्हणून नायरी आधी खाली जाई आणि हात-हात अंतरावर मला बर्फात खुपसे. लोण्यात सुरी जावी तशी मी गेले तर ठीक, मग ती नुसता हात वर करी. मध्ये कडक थर लागला, खडक टोचला, की तिच्या तळव्याला मी लगेच सांगे. मग ती मला डोक्यावर आडवी धरी. आडवी काठी म्हणजे उडी नाही! "काल पाहिलेला बर्फ आज पाहिलेला नसतो," असं ती नवशिक्यांना दटावी. लोक म्हणत, नायरीच्या काठीला डोळे आहेत. मी उगाच ताठ होई.

त्या सप्टेंबरात, इथला हिवाळा सरताना, एका शनिवारी आम्ही लॅकीच्या उडीची जागा तपासली. लॅकी तिच्या भावाचा मुलगा, तिशीतला. बर्फ छातीभर मऊ होता. "उत्तम," नायरी म्हणाली. संध्याकाळी उबदार वायव्य वारा सुटून बर्फ ओला झाला, रात्री दक्षिण ध्रुवाकडून आलेल्या गारठ्यानं त्याचा दगड झाला. वर चार बोटं नवा बर्फ पडला, पिठीसाखरेसारखा.

रविवारी नायरी तापानं फणफणली होती. तिनं मला लॅकीच्या मित्राकडे, ग्रेअमकडे दिलं.

"उडीआधी पुन्हा खुपसून बघ हं."

"बघतो, आत्या."

कड्याखाली ग्रेअमनं नुसता हात वर केला. मी त्याच्या पाठीवर, पिशवीत, घडी घालून होते. लॅकी आदळल्याचा आवाज मी तिथूनच ऐकला.

लॅकी गेला. काठी खुपसूनही बर्फानं दगा दिला, असं ग्रेअम म्हणाला. तिथं हजर असलेले तिघंही तेच म्हणाले. नायरीनं मात्र स्वतःलाच दोषी धरलं, शनिवारी आपल्याच तळव्याला काही कळलं नाही म्हणून. ती डोंगरावर जाईना, कुणाला शिकवीना. मी खुंटीवर लटकले. मित्रांनो, धुळीचं मला काही वाटत नाही. पण त्या बाईचा आपल्या तळव्यावरचा विश्वास उडाला, आणि मला तोंड नाही.

परवा ती मला घेऊन स्नोबोर्ड क्लबच्या झोपडीत आली. ग्रेअम आणि ते तिघं जेवत होते. तिनं मला टेबलावर ठेवलं.

"ही मोडीत घाला. आम्ही दोघींनी मिळून पोराला मारलं."

"चहा घे गं, गार होतोय," कुणीतरी पुटपुटलं. मान कुणाचीच वर होईना.

ग्रेअम उठून उभा राहिला.

"आत्या, त्या दिवशी मी काठी बाहेर काढलीच नव्हती. आणि हे या तिघांनी पाहिलंय."