तळातला वास

फेस हलत नव्हता. पितळी कॉकच्या नटाभोवती साबणाचा जाड फेस बसला होता आणि धनंजय गुडघे टेकून, श्वास धरून बघत होता – कुठं एखादा बुडबुडा फुगतो का, कडेनं एखादं टोक वर येतं का... काही नाही. नट घट्ट, नळी नवी, शेगडीजवळचा कॉक बंद, वर डेकवरच्या पेटीतला सिलिंडरचा कॉकही नळीत गॅस भरून मग बंद केलेला. म्हणजे सगळं ठीक. मग हा वास कुठून येतोय?

वास. हा शब्द मनात आला आणि तो मटकन खालीच बसला.

वर्धा जिल्ह्यातल्या गॅसवाल्याला बोट कुठून माहीत असणार! सेलूच्या पलीकडच्या धरणावर महादेवरावांनी ही लोखंडी बोट आणली, पर्यटकांना पाण्यावर फिरवत गरम भजी नि चहा द्यायचा म्हणून आत शेगडी बसवायची ठरवली, आणि उज्वलाच्या बचत गटाला उद्यापासून रांधायचं काम दिलं. उज्वला म्हणजे याचीच बायको. म्हणून फिटिंगही यानंच करायचं. घरात गॅस सुटला तर दार उघडावं, दाराखालून निघून जातो. बोटीला कुठलं आलंय दार? ती एक भलंमोठं भांडंच. गॅस हवेपेक्षा जड, तो खाली उतरतो आणि तळाशी पाण्यासारखा साचून राहतो. दिसत नाही, हलत नाही, कुणी काडी ओढायची वाट बघतो. म्हणून सिलिंडरच्या पेटीला बाहेरच्या अंगानं, पाण्याच्या वर भोक पाडायला त्यानं महादेवरावांशी वाद घातला होता. चांगल्या पेटीला भोक कशाला, असं त्यांचं म्हणणं. गळलेला गॅस आत न येता तिथूनच पाण्यावर जावा म्हणून, हे त्यांना पटेपर्यंत दुपार झाली होती.

ते सगळं समजावून सांगणारा हाच धनंजय, आणि त्याला वास येत नव्हता. त्या साथीच्या तापात जो गेला तो गेलाच. पिपरी मेघेत आजही लोक एजन्सीच्या आधी याला फोन करतात, धनंजयभाऊ नुसते दारात उभे राहिले तरी गळती सांगतात म्हणतात, आणि हा दारात उभा राहतो, नाकपुड्या फुगवतो आणि मग हळूच साबणाचा फेस काढतो. नाक नसलेल्या गॅसवाल्याला कोण बोलावणार? उज्वलाला तरी कुठं सांगितलं! फोडणी पडली की ताबडतोब म्हणायचं, वा, काय वास सुटलाय. मेली ती फोडणी... रोज एकदा खोटं बोलायला लावते.

आणि आज, या तळाशी, फळी उचलून डोकं आत घातल्यावर – आला. सासऱ्यांच्या आष्टीच्या मळ्यात कोबी सडतो तसा, ओला, उग्र, अगदी ओळखीचा, गॅसचा. आधी काय झालं तर त्याच्या डोळ्यांत पाणीच आलं. घाणेरडा वास, पण माझा वास. माझं नाक परत आलं, देवा! तो लहान पोरासारखा हुंगत राहिला... आणि हुंगता हुंगता थबकला. नाक परत आलं असेल तर खाली गॅस आहे. आणि गॅस नसेल तर – नागपूरच्या डॉक्टरांनी सांगून ठेवलं होतं, काही जणांना पुढं पुढं नसलेले वास येऊ लागतात. खालून लोखंडावर पाणी थापट मारत होतं. कुणीतरी पलीकडून विचारत होतं, आहेस का, आहेस का. छे, नुसतं पाणीच.

फेस म्हणतो नाही, नाक म्हणतं हो. त्यानं बादली उचलली, फळीखालच्या कोरड्या तळात घातली, अलगद वर आणली आणि बोटीच्या काठावरून पाण्यात ओतली. साचलेला गॅस असाही काढता येतो, पाण्यासारखा उपसून, हे त्यानं कुठंतरी ऐकलं होतं. बादलीतून काहीच पडलं नाही. पुन्हा घातली, पुन्हा ओतली. वास कमी होईना. उलट आता तो शर्टाला येत होता, हातांना येत होता.

किनाऱ्यावर भांडी घासणारी उज्वला केव्हा काठाला टाकलेल्या फळीवरून बोटीवर चढून आली, त्याला कळलंच नाही.

"अजी, काय उपसून राह्यले तुम्ही? पाणी त नाई तिथं."

त्यानं सांगितलं. गॅस आहे म्हणून नाही. असावा असं वाटतं, असं. आणि शेवटी, नजर चुकवत, तिला विचारलं, "तुले येते का वास?"

ती ओणवी झाली. डोकं पार फळ्यांच्या आत घातलं, बराच वेळ तशीच राहिली. वर आली तेव्हा तिचा चेहरा शांत होता.

"नाई. काईच नाई येत." मग थोडं थांबून, "तुम्हाले कसा आला? तुमचं नाक त कवाचंच गेलं ना. पारसाली तुमच्या शेजारी दूध जळून कोळसा झालं तरी तुम्ही पेपर वाचत होते. मीच बंद केला गॅस. म्हटलं, कामून बोलाव, मानूस खचून जाईन."

धनंजयनं बादली खाली ठेवली. लाज वाटायला हवी होती, किंवा हलकं. दोन्ही वाटेना. वास तसाच होता, आता आणखी दाट, घशाशी आलेला... आणि ती समोर बसून, त्याच्याकडं न बघता, दुसरं भांडं घेऊन रिकाम्या तळात घालू लागली होती. त्याच्या समाधानासाठी. सावकाश, एकही थेंब सांडू नये अशी.

तिचं नाक चांगलं आहे, हे त्याला ठाऊक होतं. ती म्हणते नाही, तर नाही. बोट बिनधोक, उद्या बायका निर्धास्त रांधतील. आणखी काय पाहिजे माणसाला? पण तिच्या वाकलेल्या मानेकडं बघत असताना त्याला स्पष्ट कळलं की आपल्याला ते नको आहे. गॅस असावा. इथं, तिच्या गुडघ्यांभोवती, खरोखर साचलेला असावा, म्हणजे आपलं नाक खरं. त्यानं स्वतःला दटावलं, शिवी दिली, तिला बाहेर जा म्हणायला तोंड उघडलं – आणि तोंड उघडलं होतं तेवढ्यात त्या वासाचा आणखी एक खोल श्वास घेतला.