पुस्तकातली मासळीही ताजी हवी

देवाने माणसाला नाक दिलं ते काही नुसतं चष्मा टेकवायला नव्हे, हे पुस्तकं बांधणाऱ्या बाइंडरच्या घरात त्या वर्षी नीट कळलं. त्याच्या बायकोला साधा ताप आला, चार दिवसांत उतरला, पण जाताना तिची वास घेण्याची शक्ती बरोबर घेऊन गेला. बाकी सगळं जागच्या जागी होतं. फक्त लसूण आणि साबण तिला सारखेच.

मासळी तिच्या हातचीच खावी, आणि त्या मासळीचं सगळं गणित तिच्या नाकात. ताजी की शिळी, शिजली की कच्ची, हे ती चुलीकडे पाठ करून सांगायची. आता मात्र चार महिने घरात मासा आला नव्हता. “मला नाही जमायचं,” एवढं म्हणून तिने मोठा तवा माळ्यावर टाकला होता.

अशात तिच्या थोरल्या बहिणीचा फोन आला. “रविवारी येते तुझ्या हातची मासळी खायला. जमत नसेल तर तसं सांग, मी डबा आणते.”

तो डबा बायकोला फार लागला. त्या दिवशी भाजीत मीठ दोनदा पडलं.

बाइंडरने मनाशी ठरवलं: नाक न वापरता, डोळ्यांनी आणि बोटांनी मासा कसा करायचा, हे सांगणारं पुस्तक आणायचं. पुस्तकातलं त्याला बांधणीपुरतं कळायचं आणि माशातलं खाण्यापुरतं. म्हणून तो वीस वर्षांच्या ओळखीच्या मासेवालीकडे गेला.

“मावशी, पुस्तक घ्यायला चला.”

“मी? मला आपला वजनकाटा वाचता येतो.”

“वाचायचं मी बघतो. तुम्ही मासा बघा.”

दुकानदाराने पाच पुस्तकं मांडली. बाइंडर एकेक मधोमध उघडायचा, तळव्याने दाबायचा आणि हात काढून घ्यायचा. तीन पुस्तकं फटकन मिटली.

“स्वयंपाकाचं पुस्तक उताणं पडून राहिलं पाहिजे,” तो म्हणाला. “दोन्ही हात पिठात असताना पान धरायला कुणाला बोलवायचं?”

चौथं उघडं राहिलं. मासेवाली फोटोवर वाकली. “डोळा बघा. आत गेलाय. तीन दिवसांचा आहे हा.”

“मावशी, तो फोटो आहे,” दुकानदार म्हणाला.

“फोटो काढला तेव्हाच तीन दिवसांचा होता.”

पाचव्याकडे बघून तिने नाक मुरडलं. “ह्याला तेल चोपडून नवरदेव केलाय. हा खायचा की मिरवायचा?”

नकाशा घ्यायला आलेलं एक गिऱ्हाईक नकाशा विसरून तिथेच उभं राहिलं. दुकानदाराने हार पत्करून खालच्या फळीवरचं एक सहावं पुस्तक काढलं. फोटो नाहीत, नुसती रेघांची चित्रं. बाइंडरने मोठ्याने वाचलं: “माशाच्या जाड भागावर बोट दाबा. पडलेला खळगा भरून आला नाही, तर मासा परत करा. शिजताना सुरीचं टोक घालून बघा. मांस दुधासारखं पांढरं होऊन पाकळ्या सुटल्या, की उतरवा.”

“लिहिणारणीने बाजार केलेला आहे,” मासेवाली म्हणाली. “तेवढं ‘परत करा’चं पान फाडा. बाकी उत्तम.”

एकच खोट होती. पुस्तक शिवलेलं नव्हतं, नुसत्या डिंकावर उभं होतं, आणि उंदराच्या सापळ्यासारखं मिटत होतं. “ते माझ्यावर सोडा,” बाइंडर म्हणाला.

घरी येऊन त्याने पुठ्ठा काढला, डिंक खरवडला, आणि आठ फर्मे, म्हणजे सोळा-सोळा पानांच्या आठ घड्या, सुट्या केल्या. तो त्या एकावर एक रचत असताना बायको दारात आली. “कोळंबीचं आहे का हो त्यात?”

चार महिन्यांनी तिने मासळीचं नाव काढलं होतं. तो तिच्याकडे बघतच राहिला, आणि इकडे हाताने दुसऱ्या फर्म्यानंतर चौथा ठेवला, मग तिसरा. उभ्या जन्मात अशी चूक झाली नव्हती. पण तेव्हा ती कळलीही नाही. तो आनंदाने शिवत बसला.

असो, मूळ पदावर येऊ. रविवारी सकाळी बायकोने मासेवालीच्या टोपलीतले मासे बोटाने दाबून बघितले, एक परत केला आणि शेवटी कोळंबीच घेतली. मासेवालीला राग आला आणि बरंही वाटलं.

दुपारी बहीण स्वयंपाकघरात स्टुलावर बसली, पिशवी मांडीवर घेऊन. पुस्तक ओट्यावर तान्ह्या बाळासारखं उताणं पडलं होतं. बायकोने डाव्या पानाप्रमाणे मसाला परतला, कोळंबी टाकली आणि उजवं पान वाचलं: “झाकण लावून चाळीस मिनिटं ठेवा. मधे एकदा शेपूट धरून उलटा करा.”

तिने पुन्हा वाचलं.

“पुस्तकात आहे तर तसंच कर बाई,” बहीण म्हणाली. “वासावरून तर तुला काही कळायचं नाही.”

बाइंडरने पानांचे आकडे बघितले. डावीकडे बत्तीस, उजवीकडे एकोणपन्नास. त्याने पानावर बोट ठेवलं. “अगं, ते पान...”

“चाळीस मिनिटांत कोळंबीची चप्पल होईल,” बायको म्हणाली. तिने एक कोळंबी उचलून चिमटीत दाबली. “अर्धी वळली की झाली. उतरवते.”

“आणि पुस्तक?” बहिणीने विचारलं.

“पुस्तकालाही नाक नाही.”

जेवताना बहिणीने तिसऱ्यांदा वाढून घेतलं. मग बायकोनेच विचारलं, “ताई, वास कसा आलाय गं?”

बहिणीचा हात ताटात थांबला. “आधी लसूण येतो,” ती हळूच म्हणाली, “आणि त्याच्यामागून समुद्र.” बायकोने डोळे मिटून ते ऐकलं, आणि बहिणीला पुन्हा सांगायला लावलं.

बाइंडरने तेवढ्यात चूक कबूल केली आणि पुस्तक उसवून देतो म्हणाला.

“उसवू नका. कुठे चुकतं ते मला कळतंय,” बायको म्हणाली आणि बहिणीकडे वळली. “डबा काढ बघू बाहेर.”

“कसला डबा?”

“आल्यापासून पिशवी मांडीवरून उतरली नाही तुझी.”

बहिणीने निमूट डबा काढला. आत तळलेला मासा होता. बायकोने त्याच्या जाड भागावर बोट दाबलं, जरा थांबली, आणि अगदी मायेने म्हणाली, “थोडा जास्त तळलाय गं.”