आधी डब्याचे कान तपासा

एका पत्राचे उत्तर द्यायचे बरीच वर्षे राहून गेले होते. पत्र माझ्याबद्दल होते आणि माझ्याच झाकणाच्या आतल्या खिशात पडून होते. तरी मी गप्प राहिलो. मित्रांनो, मला ना हात ना तोंड, मी काय करणार? मी एक जुना श्रवणमापक आहे, म्हणजे माणसांच्या कानांची परीक्षा घेणारे यंत्र. इथली मुले मला 'कानडबा' म्हणतात.

समुद्राकाठच्या एका शहरात, लहानशा कारखान्यात माझा जन्म झाला. मऊ भिंतींच्या बंद खोलीत एका चष्मेवाल्या कारागिराने माझा प्रत्येक सूर तपासला. जाड, बारीक, मोठा, अगदी पुसट. "जेवढा आकडा दाखवशील तेवढाच वाज, बाबा," असे तो मला म्हणाला. मग एका तपकिरी पेटीत घालून मला ऑस्ट्रेलियाच्या मधोमध, लाल वाळवंटातल्या मूळ रहिवाशांच्या वस्तीत पाठवले. तेव्हापासून तिथला दवाखाना हेच माझे घर.

थोड्याच दिवसांत कारखान्याचे पत्र आले. 'वर्षातून एकदा यंत्र आमच्याकडे तपासायला पाठवा. वापरून वापरून त्याचे सूर ढळतात.' दवाखान्यातल्या सिस्टरने ते वाचले, माझ्या खिशात ठेवले आणि तिची बदली झाली. इथे सिस्टर येतात आणि जातात. नव्या सिस्टरला वाटे, जुनीने पाठवले असेल. तिच्या मागून आलेलीलाही तसेच वाटे.

सुरुवातीला माझे फार कौतुक झाले. माझे कर्णफोन डोक्यावर चढवून मुले टपालाच्या विमानाचे वैमानिक होत आणि तोंडाने घुर्र घुर्र करीत. सूर ऐकू आला की हातातले बटण दाबायचे, म्हणजे माझा दिवा लागे. पण मी लवकरच संशयी झालो. काही मुले सूर नसतानाही धडाधड बटण दाबत. काही लाजून दाबतच नसत. अनेकांचे कान तान्हेपणापासून वाहत. वाळत, पुन्हा वाहत. घरोघरी तेच असल्यामुळे कुणाला त्यात विशेष वाटत नसे. कोण खरे सांगतो आहे, मला कळेना. आणि मी तरी खरे सांगतो का? रात्रंदिवस ते पत्र माझ्या खिशात टोचत असे.

अशात एक दिवस मेवीसआजी नातीला घेऊन आली. नातीचे नाव लेटिशा. आजी दारातच थांबली. दवाखान्याच्या पांढऱ्या गाडीकडे तिने आधी नीट पाहून घेतले. तिच्या थोरल्या बहिणीला लहानपणी अशाच एका गाडीतून, शिकवायला नेतो असे सांगून सरकारी माणसांनी नेले होते. ती कधी परत आली नाही. गेलेल्या माणसाचे नाव इथे घेत नाहीत. आजीही घेत नाही, फक्त गाडीकडे बघते.

त्या वर्षीच्या सिस्टरचे नाव ग्रेटा. दुभाषी म्हणून डोरीन होती. ती वस्तीतलीच, आजीची भाची.

"लेटिशाला ऐकू येतं का, विचार ना," सिस्टर म्हणाली.

तुमच्याही घरी म्हणतात ना, 'हा मुलगा माझं अजिबात ऐकत नाही'? इथल्या भाषेतही ऐकू येणे आणि सांगितलेले मानणे यांना एकच शब्द आहे.

डोरीनने विचारले, "मावशी, पोर ऐकते का गं?"

आजीचे डोळे बारीक झाले. "ऐकत नाही असं कोण म्हणतं? लाकडं आण म्हटलं की लाकडं आणते. तुझ्या पोरासारखी नाही, घसा फुटेस्तोवर हाका मारा, फुटबॉल सुटत नाही!"

'लाकडं' म्हणताना आजीची बोटे गुडघ्यावर सहज हलली. लेटिशा लगेच उठली आणि बाहेरून दोन काटक्या घेऊन आली.

"बघ!" आजी म्हणाली. "ऐकते की नाही?"

सगळे हसले. डोरीनने सिस्टरला सांगितले, "ऐकते म्हणतात."

मी मात्र ती बोटे पाहिली होती. शिकारीच्या वेळी, सुतकात, लांबच्या माणसाशी इथे सगळेच हातांनी बोलतात. बोलता बोलताही हात चालूच असतात. त्यामुळे ते कुणाच्या लक्षात येत नाहीत.

मग माझी पाळी आली. लेटिशाने सगळी उत्तरे अचूक दिली. अगदी पुसट सुरालाही दिवा लागला. मला संशय आला, कारण चांगल्या कानांचेही एखादे उत्तर चुकते. तिचे डोळे कुठे आहेत ते मी पाहिले. ते सिस्टरच्या हातावर होते. सिस्टरचे बोट माझी सूर वाजवायची कळ दाबायला टेकले की हिचे बोट बटणावर. मला ओरडून सांगावेसे वाटले. पण लगेच दुसरा विचार आला. कदाचित माझेच चुकत असेल. कदाचित मी सांगतो त्याहून मोठा वाजत असेन आणि तिला खरेच ऐकू येत असेल. ज्याने स्वतःची परीक्षा दिली नाही, त्याने दुसऱ्यावर काय संशय घ्यावा? सिस्टरने 'कान ठीक' असे लिहिले आणि माझे झाकण लावले.

पुढल्या थंडीत मेवीसआजी तणतणत आली. लेटिशा तिच्या हाताला होती.

"मास्तर म्हणतो, पोर ऐकत नाही! फळ्याकडे तोंड करून बडबडतो आणि वर म्हणतो ऐकत नाही. पुढच्या वर्षी बारक्यांच्या वर्गात बसवणार म्हणे."

"बसव म्हणावं," डोरीन चेष्टेने म्हणाली. "तिथं दूध तरी मिळेल."

"तुला हसू येतंय. आज म्हणतात पोर ऐकत नाही, उद्या म्हणतील आजीला सांभाळता येत नाही, परवा गाडी दारात! लाव गं सिस्टर तो डबा. मास्तराला दाखवू दे मला कागद."

ग्रेटा सिस्टरने मला टेबलावर मांडले. आजीने तिला नखशिखांत न्याहाळले.

"तूच दाबणार आणि तूच लिहिणार? मला नाही पटत. मी मध्ये बसते. तुझ्या बोटांवर माझं लक्ष राहील."

आणि आपला रुंद देह आणि जाड शाल घेऊन ती सिस्टर आणि लेटिशा यांच्या मधोमध बसली.

मी सूर लावला. दिवा लागला नाही. मोठा लावला. नाही. त्याहून मोठा लावला. लेटिशा दारातल्या कुत्र्याकडे बघत होती.

"बंद पडलाय तुमचा डबा," आजी म्हणाली. तिने नातीचे कर्णफोन काढून स्वतःच्या डोक्यावर चढवले. "हां, दाब आता."

सिस्टरने तोच सूर पुन्हा लावला. आजी दचकली. तिने कर्णफोन हळूच काढले.

"वाजतोय," ती म्हणाली.

मग ती उठून लेटिशाच्या पाठीमागे गेली. दोन्ही हात शालीत घेतले आणि नेहमीच्या आवाजात म्हणाली, "लेटी, चल घरी."

कुत्र्याने कान टवकारले. लेटिशाने नाही.

"लेटी."

मग आजीने शालीतून एक हात काढला, नातीच्या खांद्यावरून पुढे नेला आणि दोन बोटे हलवली. लेटिशा तत्काळ उठली आणि हसून तिच्या हातात हात दिला.

"ऐकते माझं," आजी म्हणाली. "हातांचं ऐकते."

सिस्टरने कानात डोकावून पाहिले. पडद्यामागे चिकट पाणी साचले होते. ॲलिस स्प्रिंग्स शहरातले डॉक्टर ते काढून पडद्यात बारीक नळी बसवतील, पुढच्या महिन्याची तारीख मिळेल, गाडी न्यायला येईल, असे ती म्हणाली.

"गाडी?" आजीने नातीला जवळ ओढले. "मला दिसतंय ते मला पटलं. पण डॉक्टर बघणार ह्या डब्याचा कागद. तो म्हणाला डबा खोटा, तर? ह्याला कोणी तपासलंय?"

तपासणीचा कागद शोधायला सिस्टरने झाकणाच्या खिशात हात घातला. लाल धुळीने माखलेले ते पत्र बाहेर आले. ते मोठ्याने वाचताना तिचे तोंड उतरले; डोरीनने आजीला अर्थ सांगितला.

"म्हणजे पोरांचे कान बघणारा हा म्हातारा," आजी म्हणाली, "स्वतः कधी डॉक्टरकडे गेलाच नाही! आधी ह्या डब्याचे कान तपासा. परत येऊन तो हेच म्हणाला, तर मी पोर नेते. पण ती माझ्या मांडीला लागून बसणार आणि परतही माझ्याबरोबरच येणार. हे तुझ्या कागदावर लिही."

मला वाईट वाटायला हवे होते. पण इतकी वर्षे मी स्वतःवर एकट्याने संशय घेत होतो. आता दुसऱ्या कुणीतरी तो बोलून दाखवला आणि मला हलके वाटले.

डोरीन त्याच दिवशी शाळेत गेली. लेटिशाला पुढे बसवा आणि तिच्याकडे तोंड करून बोला, असे तिने मास्तरांना सांगितले. सिस्टर पत्राचे उत्तर लिहायला बसली. 'उशिराबद्दल क्षमा असावी. यंत्र पाठवत आहोत. लवकर परत पाठवा, एक मुलगी खोळंबली आहे.' आजीने ते डोरीनकडून दोनदा वाचून घेतले.

"एक का?" ती म्हणाली. "आजवर ह्यानं तपासलेली सगळीच पोरं खोळंबलीत. तसं लिही."

सिस्टरने तसे लिहिले.

मित्रांनो, तुमच्या वर्गातही कुणी 'ऐकत नाही' म्हणून मागच्या बाकावर बसले असेल. त्याच्यावर रागावण्याआधी एकदा हात पाठीमागे बांधा आणि त्याच्या मागून त्याला हाक मारून बघा. आणि माझ्यासारख्या यंत्रांवर डोळे मिटून विश्वास ठेवू नका. आम्हालाही वेळच्या वेळी तपासा. आमचा सूर ढळला, तर ते आमच्या तोंडून कुणाला कळणार नाही.

टपालाचे विमान धूळ उडवत उतरले. माझे झाकण लावण्याआधी लेटिशा वाकली आणि हाताचा पंजा आपल्याकडे वळवून तिने बोटे दोनदा मिटली. परत ये. मला कान नाहीत, तरी ते मी ऐकले. मग सिस्टरने उत्तर माझ्या खिशात सरकवले, आजीने दोरीची गाठ ओढून पाहिली आणि आपल्या हातांनी मला वैमानिकाच्या स्वाधीन केले.