सहा मीटर लांबून

मित्रांनो, मी डोळे तपासायचा तक्ता आहे, आणि आता चांगलाच जुना झालो आहे. तैपेईच्या दक्षिणेला, म्याओलीच्या डोंगराळ भागात, स्ट्रॉबेरीच्या मळ्यांना लागून एक छोटी शाळा आहे. तिच्या आरोग्यखोलीत मी भिंतीवर टांगलेला असतो. माझ्या अंगावर अक्षर एकही नाही. नुसत्या काळ्या कड्या आहेत, एका बाजूने तुटलेल्या. वर मोठ्या, खाली येता येता मुंगीएवढ्या. मुलाने एक डोळा झाकायचा आणि कडी कुठे तुटली आहे ते हाताने दाखवायचं. वर, खाली, डावीकडे, उजवीकडे. बालवाडीतलं पोरसुद्धा मला वाचू शकतं, इतका मी सोपा आहे.

पण एक गोष्ट मला पहिल्यापासून खुपते. मला वाचायचं तर सहा मीटर लांब उभं राहावं लागतं. फरशीवर तशी पिवळी पट्टीच मारली आहे. फळ्याजवळ मुलं जातात, नकाशावर बोटं फिरवतात, घंटेला तर लोंबकळतात. माझ्याजवळ कुणी येत नाही. वर्षातून दोनदा सकाळी रांग लागते, एरवी कुणाचं डोकं दुखलं, गुडघा फुटला, तर दार उघडतं. तेही माझ्याकडे बघत नाहीत. बाकी सारा वेळ मी आणि कोपऱ्यातलं वजनाचं यंत्र. ते बोलत नाही.

तैपेईतल्या एका गल्लीत दुधी काचेवर मला छापलं, पत्र्याच्या पेटीत बसवलं आणि पाठीशी ट्यूबलाइट लावली. कोबीच्या पोत्यांबरोबर ट्रकमधून मी इथे आलो. तेव्हाची पोरं शेवटची ओळ धडाधड सांगून मोकळी व्हायची. मुख्याध्यापक पाहुण्यांना माझ्यासमोर उभं करून म्हणायचे की आमच्या मुलांची नजर घारीची आहे. माझी छाती फुगायची. पुढे शिकवण्या आल्या, फोन आले, आणि मुलं मधल्याच ओळीत अडखळायला लागली. सहावीत पोचेपर्यंत निम्मा वर्ग चष्म्याचा. एका आजीबाईंनी तर तक्ताच बिघडलाय म्हणून माझ्या नावाने बोटं मोडली. घ्या! सगळे नामानिराळे आणि खापर माझ्या डोक्यावर.

मग डोळे जपायला शाळेत नियम आला. दिवसाचे दोन तास मुलांनी उघड्यावर काढायचे. प्रत्येक सुट्टीत वर्गातले दिवे बंद, दाराला कुलूप, सगळे बाहेर. नियम चांगलाच होता. घोटाळा झाला तो चांगुलपणामुळे.

तिसरीचे फान सर मनाने फार मऊ. आमच्याकडे वहीत चुकलेलं प्रत्येक उत्तर पुन्हा शुद्ध लिहून दाखवावं लागतं, त्याला दुरुस्ती म्हणतात. राहिलेली दुरुस्ती घरी न्यायची, वर शिकवणीचा अभ्यास आहेच. सरांना पोरांची दया यायची. सुट्टीतच उरकून टाका, म्हणायचे. पण वर्गाला तर कुलूप. त्या सहामाहीत परिचारिका ल्याओबाई बाळंतपणाच्या रजेवर होत्या आणि या खोलीची किल्ली सरांकडे होती. त्यांनी वर्गातल्या एका मुलीला माझी खोली उघडून दिली. नियमही मोडला नाही आणि मुलीचं ओझंही हलकं झालं, असं त्यांना मनापासून वाटलं.

ती मुलगी म्हणजे युन-छ्याओ. वय वर्षं आठ. एक रेघ वाकडी आली तरी सगळा शब्द खोडून पुन्हा लिहिणार, त्यामुळे तिची दुरुस्ती कधी संपायचीच नाही. टेबल नेमकं माझ्याखाली. खरं सांगतो, मला फार आनंद झाला. इतक्या वर्षांत पहिल्यांदा कुणीतरी माझ्याजवळ बसलं होतं. लिहून हात दुखला की ती माझ्या कड्यांवर बोट फिरवायची. हा कप खाली सांडला, हा उजवीकडे सांडला, असं स्वतःशीच म्हणायची. बाहेर दोरीउड्यांचा गलका चालायचा आणि ही आत, माझ्यापाशी. आमच्याकडे जागचं न हलणाऱ्या पोराला गुणी म्हणतात. सर म्हणायचे, मीही म्हणायचो.

थंडी सुरू झाली तसं तिचं नाक वहीला टेकायला लागलं. समोरच्या भिंतीवरचं कॅलेंडर बघताना ती डोळे बारीक करायची. मला कळत होतं, मित्रांनो. डोळ्यांचा तक्ताच मी, मला नाही कळणार तर कुणाला? पण ती बाहेर गेली असती तर मी पुन्हा एकटा पडलो असतो. म्हणून मी मनातल्या मनातसुद्धा तिला जा म्हटलं नाही. याची मला आजही लाज वाटते.

फेब्रुवारीत, नव्या सत्रात ल्याओबाई परत आल्या आणि रांग लागली. ज्याला नीट दिसत नाही त्याच्या घरी कागद जातो आणि त्याला डोळ्यांच्या डॉक्टरांकडे न्यावंच लागतं. युन-छ्याओ पिवळ्या पट्टीवर उभी राहिली. बाईंची छडी ओळीने एकेका कडीवर वाजू लागली आणि तिचा हात सुरू झाला, प्रत्येक टकटकीला एकदा. एकही चूक नाही. पण मला लगेच कळलं. ती मला वाचत नव्हती, पाठ म्हणत होती. एक डोळा तिने डोळे झाकायच्या काळ्या चमच्याने झाकला होता आणि दुसराही धडा आठवताना मिटावा तसा घट्ट मिटला होता. बाईंची नजर माझ्या कड्यांवरून तिच्या हातावर आणि परत माझ्याकडे, तिच्या डोळ्याकडे त्यांचं लक्षच नव्हतं. उजवा डोळा झाला, डावा सुरू झाला. यात ती पास झाली असती तर सप्टेंबरातल्या पुढच्या तपासणीपर्यंत कुणीही तिच्या डोळ्यांकडे बघणार नव्हतं.

आणि माझी ट्यूब विझली. मुद्दाम विझलो का, ते विचारू नका. ट्यूब जुनी होती आणि मी घाबरलेलो होतो. पडदे लावलेले, खोलीत दारातून येईल तेवढाच उजेड उरला. बाईंनी वैतागून पेटीवर तीन थापा मारल्या आणि मारता मारताच मागे वळून पाहिलं. थापांच्या तालावर युन-छ्याओचा हात तीनदा हलला. वर, डावीकडे, खाली. तिन्ही बरोबर.

बाईंनी बाकीच्या मुलांना व्हरांड्यात पाठवलं आणि तिच्यासमोर उकिडव्या बसल्या.

"कुणाला फसवत होतीस गं?"

"कुणालाच नाही."

"मग पाठ कशाला केलंस एवढं?"

चमच्याशी चाळा करत ती म्हणाली, "बाबांना माझ्याएवढे असतानाच चष्मा लागलेला. आता त्यांचा एक डोळा गेलाय. कागद घरी आला की आई रडेल."

तिचे वडील स्ट्रॉबेरीचा ट्रक चालवायचे. नंबर वाढत वाढत गेला आणि गेल्या वर्षी डोळ्याच्या आतला पडदा सुटला. ट्रकही सुटला.

दुसऱ्या दिवशी ते शाळेत आले. फान सर पुन्हा पुन्हा माफी मागत होते. पोरगी इतकी गुणी, म्हणून मदत करायला गेलो, म्हणाले. वडील रागावले नाहीत. जाड भिंगांतून सरांच्या आवाजाच्या रोखाने बघत म्हणाले, "सर, मलाही सगळे गुणीच म्हणायचे. दिवसभर घरात पुस्तक घेऊन बसायचो. एकदा तरी कुणीतरी मला बाहेर हाकलायला हवं होतं."

युन-छ्याओला चष्मा लागला, रोजचे थेंब सुरू झाले. ल्याओबाईंनी तिच्या वडिलांना स्पष्ट सांगितलं की आलेला नंबर मागे फिरत नाही, तो भराभर वाढू नये म्हणून आता धडपडायचं. फान सरांना मात्र त्यांनी सगळा वर्ग दाखवला आणि म्हणाल्या, ज्यांचे डोळे अजून चांगले आहेत त्यांना रोज दिवसाच्या उजेडात सोडा, त्यातल्या पुष्कळांचा चष्मा टळेल किंवा लांबेल. पळायलाच हवं असं नाही, झाडाच्या सावलीत बसले तरी चालेल, पण छताखाली नको. तेव्हापासून सर सुट्टी झाली की वह्या कपाटात टाकतात आणि स्वतःही बाहेर जातात.

एप्रिलमधली गोष्ट. सुट्टी झाली होती, दार उघडं होतं. युन-छ्याओ सरांची नजर चुकवून आणलेली वही छातीशी धरून उंबऱ्यात आली. बाहेर पोरींचा दोरीचा डाव रंगला होता आणि हिला कुणी बोलावलं नव्हतं. बोलावणार कसं, हिला दोरीत शिरायचंच कधी शिकता आलं नव्हतं. "इथे बसू का? अगदी कोपऱ्यात बसते," ती म्हणाली.

ल्याओबाईंनी मान वर केली. "इथे बसायचं तर काहीतरी फोडून यावं लागतं. गुडघा फुटलाय? कोपर? नाही ना? मग पळ. सगळ्यात मागे उभी राहा आणि म्हण, मला येत नाही, शिकवा."

ती घुटमळली. एकदा माझ्याकडे बघितलं. मित्रांनो, माझ्या मनात काय आलं ते खरं सांगतो. ये, बस, असंच आलं. तोंडाशी आलेले शब्द होते, पण मला तोंड कुठे आहे? त्या दिवशी ते नव्हतं, हेच बरं झालं.

वही टेबलावर ठेवून ती गेली. मग बाहेर कुणीतरी मोठ्याने एक, दोन म्हणायला लागलं, दोनवरच दोरी अडकली, हशा पिकला, आणि पुन्हा एकपासून सुरू झालं. मी ऐकत राहिलो. तुम्हीही जा, बाळांनो. माझी काळजी करू नका.