डावखुऱ्याची बंदूक आणि शर्टाची शेपटं

मर्विनच्या दुकानात पाऊल टाकण्याआधी हार्लनने गाडीतच दोनदा घसा साफ केला. चकमकीची, म्हणजे गारगोटीच्या ठिणगीने उडणारी जुन्या धाटणीची बंदूक स्वतःच्या हाताने जोडायची म्हणून तो सुटे भाग घ्यायला आला होता, तेही त्याच्यासारख्या डावखुऱ्याचे; आणि दुकानदार कोण, तर बहिणीचा नवरा! हा माणूस आता आपली सालटी काढणार, याबद्दल त्याला तिळमात्र शंका नव्हती.

पेनसिल्व्हेनियाच्या त्या डोंगरात नाताळ उरकला की चकमकीच्या बंदुकांनी हरणाची शिकार सुरू होते. मर्विनच्या लाकडी झोपडीत सगळे मेहुणे-साडू जमतात. ज्याचा नेम चुकला त्याच्या शर्टाचं मागचं शेपूट कापायचं आणि भिंतीवर ठोकायचं, हा तिथला रिवाज. त्या भिंतीवरची निम्मी शेपटं एकट्या हार्लनची. गेल्या वर्षी सगळे हसले तसा तोही हसला. पण घरी परतताना त्याच्या मनाला इतकं लागलं होतं, की त्याने ठरवूनच टाकलं: आपल्या हाताची बंदूक मिळाली तर ठीक, नाहीतर झोपडीला कायमचा रामराम.

"या, बिनशेपटाचे!" मर्विनने हातातली कानस खाली ठेवली. "अर्डथ, तुझा भाऊ आलाय गं. शर्ट घट्ट खोचून आलाय बघ."

"मला डावखुरं किट हवंय," हार्लन म्हणाला. "घोडा डाव्या बाजूचा. मीच जोडणार."

"तू? अरे, तू पाखरांसाठी खोकं केलंस, त्यात पाखरू पाठमोरं होऊन शिरतं!"

हार्लनने तिकडे लक्षच दिलं नाही. त्याची नजर फळीवरच्या मेपलच्या ठोकळ्यावर खिळली होती. काय ते लाकूड, काय त्याच्यावरच्या लाटा! शेजारी पितळी नक्षीही ठेवलेली. "हे दे."

"बघ, पडलास प्रेमात! सगळे नवशिके नेमके त्याच्यावरच भाळतात. बाबा रे, तो कोरा ठोकळा आहे. नळीची खाच तूच कोरायची, घोड्याचीही तूच. कोरता कोरता हातात दातकोरणं उरेल." मर्विन अजून थांबायला तयार नव्हता. "आणि घोडा कुठल्या बाजूला आहे ते हरणाला काय कळतंय? तू बार काढताना डोळे मिटतोस, ते थांबव आधी."

हार्लनची कानशिलं तापली. भिंतीवर एक डावखुरी बंदूक टांगलेली होती. मर्विनने ती गिऱ्हाइकासाठी नुकतीच पुरी केलेली, उडवून बघायची बाकी होती.

"ती उडवून बघायचीच आहे ना तुला?" हार्लन म्हणाला. "मग उडव. तुझ्या उजव्या खांद्यावरून. मागे बांधाशी दुधाचा रिकामा डबा ठेवतो. चुकलास तर शेपूट."

"हात्तिच्या! डबा जरा लहान बघून ठेव."

अर्डथ कोणी न बोलावताच कात्री घेऊन मागच्या दारी आली.

मर्विनने चष्मा सारखा केला आणि बंदूक खांद्याला लावली. घोडा डाव्या अंगाला, म्हणजे नेमका त्याच्या गालासमोर. चाप ओढला मात्र, ठिणगी पडली, घोड्याखालच्या छोट्या वाटीतली बारूद भपकन तोंडासमोर पेटली आणि मर्विनने डोळे गच्च मिटून मान मागे टाकली. बार कुठे गेला देव जाणे. डबा आपला जागच्या जागी.

"अगं आई गं!" तो गाल चोळत म्हणाला.

अर्डथने क्षणभरही दम न खाता त्याचा शर्ट ओढला आणि कचकन शेपूट कापलं.

मर्विन हसला नाही. "किती वर्षं चाललंय हे तुझं?"

"बाबांनी त्यांची उजव्या हाताची बंदूक हातात दिली तेव्हापासून. घरात तेवढीच होती."

"मग बोलला का नाहीस?"

"बोललो होतो ना. पहिल्याच वर्षी. तू म्हणालास, आधी शर्ट काढ."

मर्विन आत गेला आणि एक साधं खोकं घेऊन आला. "हे घे. लाकूड साधं, नळी सरळ, खाचा आधीच कोरलेल्या. घोडा डावा आणि गाल टेकायचा उंचवटा उजवीकडे, नीट बघून घे. मी बोटसुद्धा लावणार नाही. अडलास तर ये, शिव्या देत सांगेन." मग जरा अडखळत म्हणाला, "आणि ती भिंतीवरची तुझी शेपटं... काढून टाकतो मी."

हार्लनने खोकं छातीशी धरलं.

"खबरदार हात लावलास तर. माझी आहेत ती," तो म्हणाला. "नाताळ झाला की येतोच मी. तुझं मधोमध ठोकायचंय."